गारगोटीची काती

लोखंडापेक्षा गारगोटी कडक असते, हे माझ्या नवऱ्याला एकदा कळलं आणि त्या अकलेपायी माझा कोंबडा मेला.

कोंबडा माझा होता, हे आधीच सांगते. तो पिल्लू असताना रानमांजरानं त्याची माय नेली. मी कण्या चारून, पदराखाली निजवून त्याला वाढवला. धान घरात आलं की मूल गावाच्या बाजूला कोंबड्यांच्या झुंजी लागायच्या. कोंबड्याच्या पायाला काती, म्हणजे लोखंडाचं धारदार पातं बांधायचं. एकदा बांधलेली काती बदलायची नाही, आणि हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याच्या हंडीत जायचा.

नवऱ्यानं नदीतली गारगोटी फोडून, घासून काती केली. तिचा विळ्यावर ओरखडा उठे, विळ्याचा तिच्यावर उठेना. मग काय, गडी हवेत. हातावरचे केस भादरून गावभर दाखवत फिरला. सगळं कापून पाहिलं. ठोकून मात्र काहीच पाहिलं नाही.

झुंजीच्या दिवशी मी रिंगणाशेजारी मुरमुरे विकत होते. पहिल्याच उडीत माझ्या कोंबड्यानं समोरच्याची मांडी चिरली. काती हाडाला लागली आणि कट्‌कन तुटली. तरी तो उरलेल्या खुंटानं लाथा झाडत राहिला, आणि समोरचं लोखंड त्याच्या अंगात शिरत राहिलं. त्याचा एक डोळा गेला.

"उचला त्याले," मी नवऱ्याला म्हटलं. "हार माना."

"चूप बस. लढून राह्यला ना तो."

मी टोपली टाकली आणि रिंगणात शिरले. त्याला उचलताना दुसऱ्याची काती माझ्या तळव्यात घुसली. रक्त त्याचं किती, माझं किती, कळेना. पण त्याची छाती धडधडत होती.

"बाई मधात पडली, तुमी हारले," समोरचा माणूस म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला.

"देत नाई. मी याले वाचवतो," मी म्हटलं आणि कोंबडा पोटाशी धरून खालीच बसले.

चारचौघांत नवऱ्याचं नाक कापलं गेलं होतं. त्यानं माझ्या मांडीवरून कोंबडा ओढला, मान पिरगाळली आणि पाय धरून त्या माणसाला दिला. त्या घडीला मला त्याचीच मान पिरगाळावीशी वाटली, खोटं कशाला सांगू.

वाटेत माझ्या हाताला चिंधी बांधत तो म्हणाला, "पातं बारीक झालं. पुढच्या कोंबड्याले जाड बनवू."

"पुढचा कोन पोसन?" मी विचारलं.

तो चिंधीची गाठ आवळत राहिला. आमच्या घरात पुन्हा कोंबडं आलं नाही.