मळखाऊ रंगाचा शर्ट

२००४ च्या ऑक्टोबरात आम्ही बॉस्टनजवळच्या श्रूजबरीहून न्यू हॅम्पशरच्या डोंगरांत गेलो, ते एका चित्रामुळे. लायब्ररीतून सवलतीचा पास मिळाला की माझा नवरा बॉस्टनच्या म्युझियममध्ये जायचा आणि एकाच चित्रापुढे उभा राहायचा. दीडशे वर्षांपूर्वीचं निसर्गचित्र. काळा कडा, अंगावर येणारे ढग, खाली खोल दरी आणि कड्याच्या टोकाला नखाएवढा माणूस, लाल कोटातला.

"डोंगरावर एवढा लालभडक कोट कोण घालून जातं?" मी विचारलं होतं.

"अगं, कोट लाल नसता तर तुला तो माणूस दिसला असता का?" मग तो त्या काळच्या चित्रकारांबद्दल सांगू लागला. त्यांना निसर्ग नुसता सुंदर नको होता, छाती दडपून टाकणारा हवा होता. "भीती वाटायला हवी, पण आपण स्वतः सुरक्षित असायला हवं. भव्यता तेव्हाच कळते."

पार्किंगचे दोन तास संपत आलेत, एवढंच मला त्यावर सुचलं.

चित्रकार जिथे उभा राहिला होता, ती तिथल्या डोंगरातली जागा नवऱ्याला शोधायची होती. मी आदल्या दिवशी नेहमीसारखी यादी केली. पाणी, दशम्या, जाड जॅकेट, टोपी, बॅटरी, शिट्टी, क्रेप बँडेज. वस्तू सॅकमध्ये गेली की पुढे बरोबरची खूण. माझा गुडघा दुखत होता, म्हणून मी पायथ्याशी गाडीपाशी थांबणार होते.

"सॅक घे."

"तासाभराचा तर ट्रेल आहे यार! तुझा अख्खा संसार कोण वाहणार?"

त्याने त्या चित्राचं पोस्टकार्ड तेवढं खिशात घातलं आणि निघाला. तेव्हा अकरा वाजले होते.

बारा वाजता ढग उतरले. एक वाजता समोरची झाडं दिसेनाशी झाली. दोन वाजता मी जॅकेट घेऊन वाटेला लागले, पण पहिल्याच ओल्या खडकावर गुडघा लचकला. बसत, घसटत परत आले. फोनला रेंज नव्हती. खाली येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, पोस्टकार्ड हातात घेतलेला माणूस दिसला का. कोणालाच दिसला नव्हता. शेवटी एका जोडप्याने गावात जाऊन फोन केला आणि साडेतीनला रेंजर दोन माणसं घेऊन आली. तरुण मुलगी, हातात फॉर्म.

"वय?"

"पंचेचाळीस."

"औषधं?"

"ब्लडप्रेशरची गोळी. सकाळी साडेसातला घेतलीय."

"बरोबर काय काय आहे?"

मी गाडीचं मागचं दार उघडून तिला सॅक दाखवली. तिने त्या रकान्यात रेघ मारली.

"शर्ट कोणत्या रंगाचा आहे?"

मला सांगता येईना. तीन तास तो माझ्या शेजारी बसून आला होता. सॅकमधली एकूण एक वस्तू मी डोळे मिटून सांगितली असती. रेंजर पेन धरून थांबली होती आणि मला त्याचा चेहरासुद्धा नीट आठवेना. मग आठवलं. शर्ट मीच घेतला होता, मळखाऊ रंगाचा, धुवायला सोपा पडावा म्हणून. "ग्रे," मी म्हटलं. तिने लिहिलं आणि वर पाहिलं. वर सगळंच ग्रे होतं.

ती तिच्या माणसांबरोबर चढू लागली. मी सॅकमधली शिट्टी काढून फुंकत राहिले. भीती वाटत होती आणि मी पूर्ण सुरक्षित होते. त्याच्या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या होत्या, पण मला भव्य असं काहीच कळलं नाही. ओठ बधिर झाले तरी फुंकत राहिले. थांबले की पलीकडे नुसती शांतता असायची, आणि ती मला ऐकवत नव्हती.

साडेपाचला दोघांच्या खांद्यांवर हात टाकून तो लंगडत खाली आला. घोटा सुजला होता. "शिट्टी ऐकू येत होती गं, पण कुठल्या बाजूने ते कळेना." आणि लगेच, "मध्ये पाच मिनिटं धुकं फाटलं. काय दिसलं सांगू!"

"नको," मी म्हटलं आणि बँडेज गुंडाळायला घेतलं. दोनदा सुटलं, शेवटी ते रेंजरनेच बांधलं.

आजही पाहुणे आले की तो ती पाच मिनिटं रंगवून सांगतो. मी चहा टाकायला उठते. ती पाच मिनिटं नेमकी केव्हाची, मी शिट्टी फुंकत होते तेव्हाची की त्याआधीची, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.