लाल अळ्यांची वडी

मोटारसायकलवरून पडून माझी मांडी मोडली तेव्हा मी कराडजवळच्या एका साखर कारखान्यावर पहारेकरी होतो. सैन्यातून सुटल्यावर धरलेली नोकरी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, गावी बघायला कोणी नाही, म्हणून ऑपरेशननंतर लेकीनं मला सांगलीला आपल्या फ्लॅटवर नेलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मला वर न्यायला चौघे लागले, तेव्हाच कळलं की आता डॉक्टर म्हणेपर्यंत खाली उतरणं नाही.

लेक दवाखान्यात नर्स, जावई कुपवाडला कारखान्यात. सकाळी दोघं निघाले की दाराला बाहेरून कुलूप. "बेल वाजली की तुम्ही उठणार आणि पडणार, आण्णा," लेक म्हणायची. खरं होतं तिचं. पण ते कुलूप लागल्याचा आवाज रोज कानात बसायचा. मग दिवसभर मी, वॉकर आणि जावयाची माशांची टाकी. सहा गोल्डफिश.

त्यांचं खाणं म्हणजे फ्रीझरमध्ये गोठवलेल्या लाल अळ्यांच्या वड्या. लेक सकाळी एक वडी वाटीभर पाण्यात विरघळवायची, गाळणीत ओतायची, लालसर पाणी फेकून द्यायची आणि नुसत्या अळ्या टाकीत सोडायची. हा सोपस्कार मला बायकी हौस वाटायचा.

मी काचेजवळ गेलो की सहाही मासे तोंडं उघडझाप करत पुढ्यात यायचे. दिवसभरात माझ्याकडे येणारं दुसरं होतं कोण? एका दुपारी वॉकर टेकत फ्रीजपर्यंत गेलो, एक वडी काढून खिशात घातली आणि तशीच थंडगार टाकीत टाकली. मासे तुटून पडले. लय बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दोन टाकल्या. पुढं मोजल्या नाहीत.

चार-पाच दिवसांत पाणी पातळ ताकासारखं झालं. "हे असं कशानं झालं?" लेकीनं संध्याकाळी विचारलं. मी पेपरातून मान वर काढली नाही. जावई म्हणाला, "फिल्टर चोंदला असेल. रविवारी बघतो."

शुक्रवारी दुपारीच मासे वर येऊन हवेसाठी तडफडायला लागले. टाकीला कुबट वास येत होता. एक मासा आडवा झाला. लेकीचा फोन लागेना, म्हणून जावयाला लावला आणि सगळं सांगून टाकलं.

तो म्हणाला, "आण्णा, वडी विरघळली की जे पाणी सुटतं तेच घाण असतं. आणि न खाल्लेल्या अळ्या तळाशी कुजतात. त्यातून अमोनिया तयार होतो, माशांचे कल्ले भाजतात. थोडं पाणी काढून ताजं घालायला पाहिजे. मला शिफ्ट सोडता येत न्हाई."

"मी घालतो की."

"तुमी? जाऊ द्या आण्णा, पडाल."

"मग काय बघत बसू व्हय?"

"बरं, नळाचं घालू नका, त्यात क्लोरीन असतंय. बाथरूममध्ये कालची भरलेली बादली हाय, त्यातलं घ्या. जपून."

वॉकरला दोन्ही हात लागतात. मी दुधाची किटली वॉकरच्या दांडीला अडकवली आणि बाथरूम गाठलं. येताना निम्मं पाणी फरशीवर सांडलं. टाकीतलं मगानं पातेल्यात उपसायचं, किटलीतलं ओतायचं. चौथ्या खेपेला ओल्या फरशीवर वॉकर घसरला. भिंतीला धरून कसाबसा सावरलो, पण पाय थरथरायला लागला आणि खुर्चीत बसावं लागलं. बादलीत अजून पाणी होतं. दहा पावलांवर. सीमेवर अख्खी हयात काढलेला माणूस मी, मला ती दहा पावलं जमेनात. समोर दुसरा मासा आडवा झाला.

लेक आली तेव्हा मी तसाच बसलो होतो. जावयानं तिला फोनवर सगळं सांगितलं होतं. तिनं ओली फरशी पाहिली, आधी माझा पाय चाचपला, मग टाकीकडं वळली. "आण्णा, भूक नव्हती त्यांना. ते नेहमीच तोंड उघडतात."

"मला काय म्हाईत," मी म्हणालो. तिनं मेलेले दोन मासे चहाच्या बशीत काढले. मला बघवेना.

जावयानं घरी येऊन तळाचा गाळ ओढून काढला, बाकी पाणी बदललं. दोन दिवस काही घालायचं नाही, असं ठरलं. चौघं वाचले. आणि ते दोन दिवस मी जरा हललो की चौघंही काचेपाशी येऊन तोंडं उघडत होते. शेवटी मी खुर्ची भिंतीकडं वळवून घेतली.