कोपर वाकलं की माप खोटं

दौंड स्टेशनात गाडी थांबली की गायकवाड मामा हात ताठ पुढे करून, एक डोळा मिटून, उभ्या पेन्सिलीवर अंगठा सरकवत इंजिनाचं माप घेत. नवखे प्रवासी घाबरून खिडकीतून मान आत घ्यायचे. रेल्वेत पाट्या रंगवणारा हा माणूस दर रविवारी बुद्धविहारामागच्या पत्र्याच्या खोलीत आम्हाला चित्रकलेच्या सरकारी परीक्षांसाठी शिकवायचा.

शिकवणं कसलं, छळच तो! पहिले दोन महिने नुसत्या रेघा. मग वर्तुळं. मग एकच तांब्या, ठेंगण्या स्टुलावर ठेवलेला, आणि दर रविवारी आमच्या जागा बदललेल्या. एकदा मी न बघताच तांब्या काढला, तर मामांनी कागद पालथा घातला. "ह्यो तुझ्या डोक्यातला तांब्या हाय. म्होरं ठिवलाय तो कुठं हाय?" माप घेताना हात जरा सैल पडला की पट्टीने कोपर वर उचलायचे. "कोपर वाकलं की माप खोटं, पोरी."

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मला ड्रॉइंग टीचर व्हायचं होतं. त्यासाठी चित्रकलेची इंटरमीजिएट परीक्षा पास होणं भाग होतं, आणि मी एकदा नापास झाले होते. बाबांनी सांगून टाकलं, "ह्या खेपंला न्हाई झालीस, तर पाटसचं स्थळ पक्कं." मुलगा चांगला होता म्हणे. मला तो बघायचासुद्धा नव्हता.

परीक्षेचं केंद्र शिरूरला होतं. मामा रजा टाकून एसटीने सोबत आले आणि शाळेच्या फाटकाबाहेर बसून राहिले.

वस्तुचित्राच्या पेपरला टेबलावर स्टूल आणि स्टुलावर घागर ठेवली होती. माझी जागा अगदी पुढे, जमिनीवर. सवयीने हात चालू लागला. घागरीचं तोंड छान लांबट गोल काढलं, खाली पोटाला छटाही दिल्या. मग मान वर केली. इतक्या खालून मला घागरीचं तोंड दिसतच नव्हतं! दिसत होती फक्त काठाची वर वळलेली कड. मागच्या खेपेलाही हेच झालं असणार.

सगळं खोडलं. हात ताठ केला, डोळा मिटला.

"ए मुली, खुणा कुणाला करतेस?" पर्यवेक्षक ओरडले. "परत हात उचललास तर पेपर काढून घेईन."

हात छातीशी घेऊन चोरून माप घेऊ लागले. दर वेळी घागर वेगळीच यायची. घड्याळ पुढे पळत होतं. शेवटी उभीच राहिले. घरात बाबांसमोर माझा आवाज फुटत नसे, पण तिथे फुटला.

"सर, मी माप घेतेय. हात ताठ केल्याशिवाय ते खरं येत नाही. तुम्ही इथे बसून बघा."

सगळा वर्ग थांबला. सर रागातच आले, माझ्या जागेवर बसले, माझी पेन्सिल धरून त्यांनी एक डोळा मिटला. आधी हात वाकवून, मग ताठ करून घागर मापली. उठताना एवढंच म्हणाले, "वीस मिनिटं राहिलीत. काढ."

बाहेर आले तेव्हा मामा फाटकाशी उभे होते. "घागर व्हती म्हनं. तोंड कसं जमलं?"

"काढलंच नाही, मामा. दिसतच नव्हतं."

मामा मोठ्याने हसले. त्यांना इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

दौंडला उतरल्या उतरल्या ते सरळ आमच्या घरी आले आणि बाबांना म्हणाले, "पाटसवाल्यांना न्हाई म्हनून कळवा." निकालाला अजून दोन महिने होते. माझ्यावर इतका विश्वास नंतर कुणीच टाकला नाही.

पास झाल्याचं कळलं तेव्हा मी पेढे घेऊन धावत गेले. मामा पाटी रंगवत होते. पुडा बघून त्यांनी विचारलं, "ह्ये कशाबद्दल? पास तर तू शिरूरलाच झालीस."