वावर खाली करा

निरोप दसऱ्याच्या सुमारास आला. आर्णी रोडवरच्या आमच्या वावराचा म्हातारा मालक उन्हाळ्यात वारला होता. त्याच्या मुलानं नागपूरहून फोन केला. "मावशी, जमीन विकली. तिथं घरांचं लेआउट पडणार आहे. वावर खाली करा."

मायनं तो फोन ठेवला आणि लगेच मला यवतमाळला लावला. "खाली करा म्हंते. वावर काय खोली हाये का व? भांडे उचलले अन् निंगालो?"

मी आमचं वावर म्हणते खरी, पण ते आमचं कधीच नव्हतं. मक्त्याचं होतं. जमीन मालकाची, कसायची आम्ही, आणि दर गुढीपाडव्याला पुढच्या सालाचा शब्द घ्यायचा. बाबा होते तेव्हा बाबा जायचे. ते गेल्यावर माय जायला लागली. डोक्यावर पदर घेऊन मालकाच्या ओट्यावर बसायची आणि शब्द घेतल्याशिवाय उठायची नाही. एकट्या बाईला कोणी मक्ता देतं का, असं कुजबुजणारे गावात होतेच. मरोत तिकडं. मायची कपाशी त्यांच्यापेक्षा दरसाल डोकं वर काढून असायची.

त्या साली बोंडं नुकती फुटायला लागली होती, आणि शब्द तर पाडव्यापर्यंतचा होता. मी यवतमाळहून तणतणतच गेले. वकील पाहू म्हटलं, तहसीलसमोर बसू म्हटलं. मायनं सगळं ऐकून घेतलं. "वावर गेलं बाई," ती म्हणाली. "मले फक्त माहा कापूस घरी आणाचा हाये."

दोन-चार दिवसांत सकाळी सकाळीच जेसीबी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, येऊन उभा राहिला. मागं मालकाच्या मुलाची गाडी. माझं तर डोकंच फिरलं. नाही नाही ते बोलले मी त्याला, आणि तोही काही कमी बोलला नाही. माय मात्र वावरात खाली बसून दगड मांडत होती.

आमच्याकडे पहिल्या वेचणीच्या आधी सीतादही करतात. दगड मांडून हळदकुंकू वाहायचं, दहीभात वावरात शिंपडायचा, उरलेला तिथं असेल त्याच्या हातावर द्यायचा आणि मगच कापसाला हात लावायचा. मायनं ते सगळं सावकाश केलं, जसं काही धुऱ्यावर कोणी उभंच नाही. मग दहीभाताचा गंज घेऊन ती थेट जेसीबीच्या ड्रायव्हरकडे गेली.

"घे बापा. कोन्या गावचा?"

"मारेगावकडचा, मावशी." तो खाली उतरला. चपला काढल्या, दोन्ही हात पुढं केले.

"कपाशी हाये घरी?"

"हाये ना. आमच्या मायनं परवाच सीतादही केलं."

त्यानं भात खाल्ला, हात पँटीला पुसले आणि मालकाच्या मुलाला म्हणाला, "साहेब, वेचणी होऊ द्या. हे खाऊन मी या वावरात मशीन नाही घालत."

मुलगा भडकला. दुसरी मशीन बोलावतो म्हणाला, खिशातून फोनही काढला. मायनं उरलेला भात त्याच्यासमोर धरला. "तुमचे बाबा दरसाली खात होते. घ्या."

आता हा गंज उडवतो की काय, असं मला वाटलं. पण त्यानं फोन खिशात ठेवला. उभ्याउभ्याच खाल्लं, माझ्याकडे न बघता. "पाडव्यापर्यंत," एवढंच बोलून तो गाडीत बसला. मी जन्मभर तोंड चालवत आले, पण माझ्या मायपुढं माझं तोंड म्हणजे काहीच नाही, हे मला त्या दिवशी कळलं. इतका अभिमान मला तिचा आधी कधी वाटला नव्हता.

कापूस घरी आला, शेवटच्या वेचणीपर्यंतचा. मला वाटलं, सुटलो. तर पाडवा जवळ आला तशी माय कपाशीची वाळलेली पऱ्हाटी उपटायला लागली. तेवढ्यानं भागलं नाही. शेजारच्याची बैलजोडी मागून आणली आणि सगळ्या वावराला वखर दिला.

"माय, डोकं ठिकानावर हाये का तुहं?" मी ओरडले. "मुरूम टाकनार हायेत ते यावर!"

"टाकू दे ना. खाली करा म्हनलं होतं त्यानं." ती वाकून ढेकळातला काडीकचरा वेचत होती. "खाली म्हंजे असं."

घरी आल्यावर मात्र ती पदरात तोंड घालून रडली. मीही रडले.

यंदा उन्हाळ्यात आम्ही दोघी एसटीनं यवतमाळला येत होतो. वावराची जागा आली की माय दुसऱ्या खिडकीकडे तोंड करते, तसं तिनं केलं. पुढच्या सीटवर दोघं जण बोलत होते. एकानं त्याच लेआउटमध्ये घर बांधलं होतं. भिंतींना तडे गेले म्हणून तो वैतागला होता.

"काळी माती ना राजा," तो म्हणाला. "घर धरतच नाही."

माय पुढं झुकली. "मले त बरी धरून होती, भाऊ."

तो वळून पाहायला लागला. तोवर मायनं तोंड खिडकीकडे केलं होतं, आणि या खेपेला वावराच्या बाजूला.