येत असेल तर उजवा हात

घाटकोपरच्या टेकडीवरची आमची महापालिकेची शाळा सातवीपर्यंतच होती. मी सातवीत असताना आमच्या बाईंना मतदार याद्यांच्या कामाला जुंपलं, दोन वर्ग एकत्र केले आणि त्यावर एक नवे सर बसवले. सरांना आमची नावं पाठ व्हायच्या आधीच तपासणी आली.

माझे बाबा तेव्हा गेटबाहेर पत्रकं वाटायचे: शिक्षकांना शिकवू द्या. त्यांच्या घड्या मी घालायचे. लोक ती घेऊन पुढच्या वळणावर टाकायचे.

आदल्या दिवशी सरांनी बजावलं, "साहेबांनी काहीही विचारलं तरी सगळ्यांचे हात वर. येत असेल तर उजवा, नसेल तर डावा. मी उजवेच उठवीन."

"सर, माझे दोन्ही बांधूनच ठेवा!" मागून एकजण ओरडला. वर्ग खिदळला.

माझ्या बाकावरची मैत्रीण हसली नाही. तिच्या आईने ठरवलं होतं, सर पोरगी चांगली म्हणाले तर आठवीला हायवेपलीकडच्या शाळेत, नाहीतर गावी मावशीची पोरं सांभाळायला. तपासणीला आयांनाही बोलावलं होतं. तिची आई धुण्याभांड्याची कामं टाकून आली आणि मागे भिंतीला टेकून बसली.

साहेबांनी अपूर्णांक विचारले. मैत्रिणीला सगळे येत होते, पण ती डावरी. उत्तर सुचलं की डावाच हात वर जायचा.

"अगं, उजवा कर ना!" मी कुजबुजले. ती दचकून हात बदलेपर्यंत दुसरंच कोणी उठलेलं असायचं.

शेवटी मी उभी राहिले. "सर, ती डावरी आहे."

साहेबांनी मान वळवली. सरांचा चेहरा उतरला. "खाली बस गं."

साहेब खूश होऊन गेले. दारात तिच्या आईने सरांना गाठलं. पोरीकडे बोट दाखवत ती म्हणाली, "माझ्या चेडवाचा काय, सर?"

"जरा कच्ची आहे," सर म्हणाले. खोटं बोलत नव्हते ते; युक्ती फुटायच्या धास्तीत माझं बोलणं त्यांच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. त्यांनी जे पाहिलं तेच सांगितलं.

"नाही हो काकी, तिला सगळं येतं!"

"तू मैत्रीण तिची, तू तसाच म्हणतलंस. सारखो हात वर करी होती, कोणी इचारूक नाय. मी बघलंय ना."

त्या सरांवर मला राग धरता येत नाही. ज्यांनी शिकवणाऱ्या बाईंना दारोदार फिरायला पाठवलं, त्यांच्यावरचा अजून उतरलेला नाही.

परीक्षा संपताच ती गावी गेली. दिवाळीत मावशीच्या मोबाइलवरून तिचा फोन आला.

"आठवीच्या गणितात काय असतं गं?"

मी उत्साहाने सांगायला लागले. तिकडे एक मूल रडायला लागलं.

"थांब हां," ती म्हणाली.

मी फोन कानाला लावून थांबले. तिकडे ते रडणं हळूहळू कमी झालं, मग भांडी वाजली, मग कोणीतरी तिला हाक मारली.