बैलाच्या तोंडचा धर्माजी

धर्माजी निघोटची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा आम्हा दोघांमध्ये चांगलं दीड मैलाचं अंतर होतं. साल १९९४, चैत्र महिना. मी नोकरीनिमित्त मंचरला नवीन होतो आणि भाड्याच्या खोलीत खाटेवर पडून दुपारच्या झोपेची पहिली पायरी उतरत होतो. एवढ्यात आभाळातून कुणीतरी म्हणालं, "जागा सोडा." मी सोडली. नेसत्या लुंगीनिशी खाटेखाली गेलो. घरमालकाच्या कोंबड्यांनी अंडी घालायचं काम अर्ध्यावर थांबवलं. शेजारच्या पाळण्यातलं सहा महिन्यांचं पोर उभं राहिलं. माझ्या कपातल्या चहावरची साय आपण होऊन कडेला सरकली. हायवेवर एक ट्रकवाला गाडी बाजूला घेऊन, काही गुन्हा आठवल्यासारखा, खाली उतरून उभा राहिला म्हणतात.

यातलं थोडंफार मी वाढवून सांगतोय. पण खाटेखाली गेलो होतो हे खरं.

घरमालक भगवंतराव दारात आले आणि खाली वाकून म्हणाले, "भिऊ नका साहेब. धर्माजी हाय तो. घाट मोकळा करतोय."

आमच्या जुन्नर-आंबेगावात घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे. यात्रेत बैलगाडे पळवायची चढाची धावपट्टी म्हणजे घाट. चार बैल, पुढे घोडी, गाड्यावर माणूस नाही, आणि दोन्ही अंगांना अशी गर्दी की तीळ टाकला तर तो कुणाच्या तरी टोपीवरच पडावा. या गर्दीला मागे सारायचं, कुणाचा गाडा आला ते पुकारायचं, आणि सुटला की तो वर पोचेपर्यंत एका दमात बोलायचं, हे काम माईकवाल्याचं. धर्माजी त्या भागातला सगळ्यांत मोठा माईकवाला होता.

असा आवाज ज्या छातीतून निघतो ती छाती पाहावी म्हणून मी तडक घाट गाठला. मंडपात एक काडीपैलवान उभा होता. बटाट्याच्या रिकाम्या पोत्याला कुणीतरी सदरा घालावा तसा. भर चैत्रात गळ्याला मफलर. डावा हात कानावर, उजव्या हातात माईक. मी त्याला नीट पाहायला दोन पावलं पुढे झालो, तसा तो सगळ्या पंचक्रोशीला ऐकू जाईल असा म्हणाला, "चष्मेवालं पावणं, मागं व्हा. घरी कुनी वाट बघत आसंल." तेव्हा माझं लग्न ठरलेलं नव्हतं. तरी मी मागे झालो.

पुढे आमची चांगलीच दोस्ती झाली. धर्माजीची दोन एकर जमीन होती, तीत तो कांदा-बटाटा काढायचा. पण त्याची खरी शेती गळ्यात होती आणि तिची निगा तो द्राक्षबागेसारखी राखायचा. बर्फाचा गोळा वर्ज्य, लोणचं वर्ज्य, खिशात कायम ज्येष्ठमध आणि खडीसाखर. कुणी शिंकलं की हा मफलर वर ओढून रस्ता ओलांडायचा. आणि आवाज जपायचा म्हणून घरात जवळजवळ मुका. बायको उज्ज्वला एकटीच दोघांचं बोलायची; प्रश्नही तीच विचारायची आणि "व्हय म्हना की" असं म्हणून उत्तरही तीच द्यायची. घाटात दहा हजार माणसांना गप्प करणारा हा गृहस्थ घरी मिठासाठी बोट दाखवायचा.

त्याच्या पुकारण्यात एक दर्जा होता. कुठल्याही गाडामालकाचं नाव तो नुसतं घेत नसे. "आळ्याचे नामांकित बागायतदार, दिलदार मनाचे, ज्यांच्या दावणीला लक्ष्मी उभी हाय" इथून सुरुवात करून तो नावाशी पोचेपर्यंत मालकाच्या डोळ्यांत पाणी आलेलं असे. बैलांनाही तोच मान. पण यात्रेच्या शेवटी सगळ्यांचे सत्कार होत, शाली-नारळ वाटले जात, सगळी नावं धर्माजी पुकारी, आणि आपण माईकची वायर गुंडाळून घरी जाई.

एकदा ओझरच्या गणपतीहून परत येताना तो मला म्हणाला, "भाऊ, ह्या तोंडानं मान्सांची नावं पुकारली, बैलांची पुकारली, घोड्यांची पुकारली. माझं नाव येकदा कर्ण्यातून ऐकायचंय. कसं वाटतं त्ये बघायचंय."

मी म्हटलं, माईक तुमच्याच हातात असतो, घ्या की पुकारून. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी देवळात चप्पल घालून शिरलो होतो. घाटाचा नियम त्याने मला समजावून सांगितला. माईकवाल्याने आपलं नाव आपण पुकारायचं नसतं. इतकंच काय, स्वतःच्या घरचा गाडा जरी सुटायला आला तरी माईक दुसऱ्याच्या हातात द्यायचा. नाहीतर लोक म्हणणार, घरचाच गाडा आन घरचंच तोंड.

अशी दहा-अकरा वर्षं गेली. माझं लग्न झालं, केस गेले, आणि माझा भाचा ऋषी पुण्यात एका स्टुडिओत आवाज मुद्रित करायच्या नोकरीला लागला. तिथे 'बादल गेला शहराला' नावाचा मोठा कार्टून चित्रपट चालला होता. बादल नावाचा बैल हरवलेल्या वासराला शोधत शहरात येतो, अशी गोष्ट. या बादलच्या आवाजासाठी त्यांनी पुण्यातले चांगले नट आणून पाहिले होते. ऋषी म्हणाला, "मामा, एकेक जण असा बोलतो की बैल एम. ए. झालेला वाटतो." मी त्याला यात्रेला बोलावलं. घाटाजवळ मोटरसायकल उभी करायच्या आत त्याला आभाळातून "काळं जाकिटवालं पावणं, गाडी काढा" असं ऐकू आलं आणि पोराचा शोध संपला.

स्टुडिओत मात्र पहिला दिवस वाईट गेला. धर्माजीने सवयीने कानावर हात ठेवून पहिलं वाक्य टाकलं आणि यंत्रावरचे काटे टोकाला जाऊन चिकटले. ऋषीने त्याला माईकपासून दोन पावलं मागे नेलं, मग चार, मग भिंतीपर्यंत. शेवटी दार उघडून बाहेर उभं करायचीही चर्चा झाली. ते कसंबसं जमवलं, तर पुढे रस्त्यावर वासरू सापडतं तो प्रसंग आला. त्यात बादलला वासराच्या कानात नुसतं "भिऊ नको, मी हाय" एवढं म्हणायचं होतं. धर्माजीने ते असं म्हटलं की वासरू जन्मभर भ्यालं असतं.

"काका, घरी बोलता तसं बोला," ऋषी म्हणाला.

"घरी मी बोलत न्हाई," धर्माजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ऋषीने उज्ज्वलावहिनींना बोलावून घेतलं आणि धर्माजीसमोर स्टुलावर बसवलं. न बोलण्याच्या अटीवर. वहिनी तोंडाला पदर लावून बसल्या. धर्माजीने त्यांच्याकडे पाहिलं, मफलर सोडला, आणि "भिऊ नको, मी हाय" असं म्हणाला. काचेपलीकडे बसलेली चित्रं काढणारी पोरंपोरी पेन्सिली टाकून काचेला नाक लावून उभी राहिली. वहिनी घरी जाताना मला म्हणाल्या, पंचवीस वर्षांत त्यांनी हा आवाज पहिल्यांदा ऐकला, आणि तोही वासराला उद्देशून.

कार्टूनमध्ये आवाज आधी भरतात आणि चित्रं मागून काढतात. चित्रं काढणाऱ्यांनी धर्माजीला मनसोक्त पाहून घेतलं होतं. त्यामुळे पडद्यावरचा बादल बोलताना डावा कान मुडपायचा, बोलून झालं की मान खाली घालायचा, आणि त्याच्या गळ्यात घंटेऐवजी चक्क मफलर होता. गावच्या लोकांनी पोस्टर पाहूनच ओळखलं.

चित्रपट पुण्यात मुलांच्या चित्रपटांच्या एका महोत्सवात लागला आणि तिथे घोटाळा झाला. उत्कृष्ट अभिनेता कोण, हे ठरवायला बालप्रेक्षकांची मतं घेतली होती, आणि पोरांनी एकगठ्ठा मतं बादलला दिली. महोत्सवाच्या नियमात होतं की अभिनेता पडद्यावर दिसला पाहिजे. बादल दिसत होता, पण तो अभिनेता नव्हता. धर्माजी अभिनेता होता, पण तो दिसत नव्हता. परीक्षकांनी दोन बैठका घेतल्या आणि तोड काढली की बक्षीस बादल या पात्राला द्यावं आणि ते निर्मात्यांनी स्वीकारावं.

ऋषीचा फोन आला तेव्हा धर्माजी माझ्याकडेच होता. सगळं ऐकून त्याने एकच विचारलं, "माझं नाव पुकारत्याल?"

बादलचं पुकारतील, मी म्हटलं. त्याने खडीसाखरेचा एक खडा तोंडात टाकला. मग म्हणाला, जाऊ तर खरं.

गावाने मात्र या बातमीचा आपला अर्थ लावला. घाटात गाडा पहिला आला की हार बैलाच्या गळ्यात पडतो, गुलाल बैलाच्या अंगावर पडतो. बक्षीस बैलाचं असेल तर बैल तिथे नको का? दादाभाऊ नावाच्या गाडामालकाने स्वतःचा खिलार बैल घासूनपुसून, शिंगं रंगवून टेम्पोत चढवला. मागच्या टेम्पोत गाव, हलगी आणि गुलालाचं पोतं. अशी वरात चाकणवरून पुण्याच्या नाट्यगृहाच्या दारात पोचली. दारावरच्या माणसाने जनावर आत येणार नाही असं सांगितलं.

"मंग बक्षीस कुनाला देताय?" दादाभाऊने विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर परीक्षकांनाही दोन बैठकांत सापडलं नव्हतं; दारावरचा माणूस कुठून देणार? शेवटी बैल टेम्पोतच राहिला, हलगी आणि गुलालाचं पोतं दारात ठेवून घेतलं, आणि एरवी घाट डोक्यावर घेणारं गाव गार हवेच्या त्या सभागृहात गुडघ्यांवर हात ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखं बसलं.

"उत्कृष्ट अभिनयाचा विशेष पुरस्कार, बादल!" निवेदिका प्राची नावाची एक हसरी मुलगी होती. निर्माते सयाजीशेठ वर गेले. पुण्यात फरसाणाची दुकानं काढून मोठे झालेले हे भले गृहस्थ चषक घेऊन म्हणाले, की बादलचा आवाज आज इथेच बसला आहे. पोरांनी "बादल, बादल" असा गिल्ला केला आणि धर्माजीला वर जावं लागलं. माईक हातात येताच त्याचा डावा हात कानावर गेला.

"चष्मेवालं पावणं, खाली बसा. मागं ल्हान पोरं हायेत," बादल म्हणाला. यावेळी ते पावणं मी नव्हतो, महोत्सवाचे अध्यक्ष होते. ते बसले. पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. मग धर्माजीने "भिऊ नको, मी हाय" म्हटलं आणि तीच पोरं गपकन खाली बसली.

"काका, तुमचं नाव सांगा ना सगळ्यांना," प्राची म्हणाली.

धर्माजीने माईक तोंडापासून लांब धरला. इतकी वर्षं तो ज्याची वाट पाहत होता ते एका श्वासावर आलं होतं, आणि घाटाचा नियम आडवा उभा होता. प्राचीने सयाजीशेठकडे पाहिलं. त्यांना हा माणूस फक्त 'बादलवाले काका' म्हणून ठाऊक होता. ऋषी वर, आवाज सांभाळायच्या काचेच्या खोलीत बसून नुसते हातवारे करत होता. मी उठायला लागलो, पण धर्माजीच पायऱ्या उतरून खाली आला आणि पहिल्या रांगेतल्या उज्ज्वलावहिनींपुढे त्याने माईक धरला.

"घरचा गाडा हाय," तो म्हणाला. "तू पुकार."

आता वहिनींची पंचाईत ऐका. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलणाऱ्या या बाईने नवऱ्याचं नाव लग्नात एकदा घेतलं होतं, तेही फक्त भटजींना ऐकू जाईल इतकं. रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं की त्या मागच्या बाईला कोपर मारत आणि ती सांगे. वहिनींनी माईक दोन्ही हातांनी धरला, पदर नीट केला, समोरच्या मोठ्या पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या,

"जल्मभर बैल पुकारले मंचरच्या घाटात,
धर्माजीरावांचं नाव घेते पुण्याच्या थाटात."

ते नाव सभागृहाच्या चारी भिंतींवरच्या कर्ण्यांतून आलं. गावाचे हात गुडघ्यांवरून सुटले. दादाभाऊच्या खिशात दारावरच्या माणसाला न सापडलेला मूठभर गुलाल होता, तो वर गेला आणि अध्यक्षांच्या पांढऱ्या सफारीवर उतरला. ते अंग झाडत हसत होते.

धर्माजी मात्र होता तिथेच उभा. "परत म्हन," तो वहिनींना म्हणाला. "नीट ऐकू आलं न्हाई."

"येकदाच आसतंय ते," वहिनी म्हणाल्या. "कान कुटं व्हते?"

कार्यक्रम संपल्यावर पोरं टेम्पोभोवती जमली आणि दादाभाऊच्या बैलाला "बोल ना, बोल ना" म्हणून सतावू लागली. बैल रवंथ करत राहिला. मग टेम्पोच्या मागून बादल बोलायला लागला, आणि पुण्याच्या त्या पोरांना अंधार पडायच्या आत घरी न्यायला त्यांच्या आयांना फार कष्ट पडले.

चषक सयाजीशेठच्या दुकानात आहे. त्यावर 'बादल' असं कोरलेलं आहे. पुढच्या वर्षी चित्रपटाची सीडी निघाली; आळेफाट्याच्या स्टँडवर मिळायची. दोन चकत्यांत बसावा म्हणून तीत चित्रपटाच्या शेवटी येणारी, कुणी काय केलं त्याची नावं कापलेली आहेत.