एक पान जादा

निम्मे वाल सोलून झाले होते, तेवढ्यात अण्णांनी बाहेरच्या खोलीतून हाक मारली, "प्रमोदिनी, चोर सापडला." तशीच ओल्या हातांनी गेले.

अण्णा माझे थोरले दीर. कर्जतच्या शाळेत चित्रकला शिकवली, लग्न केलं नाही. सव्वीस वर्षं घराण्याची वंशावळ जमवली. खालापूर, शेलू, मिळेल त्या गाडीने; माथेरानला पायी. नावं मिळेपर्यंत चहाला हात लावायचे नाहीत. लेकीसुनांच्या जन्मतारखा द्यायला बायका कचरत, तेव्हा शब्द द्यायचे, "हे आपल्या घरांतच राहील."

वंशावळीचं पुस्तक छापून घराण्यातच वाटलं होतं; तेच कुणीतरी न विचारता इंटरनेटवर चढवलं. तारखा, पत्ते, सगळं. माझ्या अनुपमने साइटवाल्यांना लिहिलं. उत्तर आलं, पूर्वज कुणाच्या मालकीचे नसतात. तुमच्याच पुस्तकातून उतरवलं याचा पुरावा द्या, काढून टाकू.

पुरावा अण्णांनी आधीच पेरून ठेवला होता. पुस्तकात एक माणूस खोटा होता. 'कोंडोपंत. निर्वंश.' जन्म नाही, तिथी नाही. कुणी नक्कल केली तर हाही सोबत जाईल, म्हणून घातलेला. आणि तो साइटवर होता.

"चोरीच्या मालात माझी थापसुद्धा नेली लेकाच्यांनी," अण्णा खुशीत होते. कोंडोपंत मी रचले, एवढं लिहून सही करायची, की काम झालं. कागदही समोर घेतला होता.

"काका, थांबा," अनुपम मोबाईलमध्ये बघत म्हणाला, "नावाखाली कुणीतरी लिहिलंय."

कुंभिवलीच्या सुरभी नावाच्या बाईंनी लिहिलं होतं. 'हे माझे पणजोबा. सर्वपित्रीला जेवायला येतो असा निरोप धाडून निघाले, ते पोचलेच नाहीत. त्यांचं नाव आज पहिल्यांदा कुठेतरी लिहिलेलं पाहिलं.'

"निर्वंशाला पणती," अण्णा हसले. मग मला विचारलं, "हे नाव मी कधी रचलं गं? तुझ्या वहीत असेल बघ."

मी रोज दिवेलागणीनंतर वही लिहिते. देवघराखालच्या कपाटातून बारा वर्षांपूर्वीची, पुस्तक छापलं त्या वर्षाची काढली. अण्णांनीच वाचली.

'सर्वपित्री. पानं वाढून झाली. अण्णांनी विचारलं, कुणी राहिलं नाही ना? मी म्हटलं, कोंडोपंत राहिले. अण्णा म्हणाले, असं कुणी नाही आपल्यात, पण नाव बरंय, पुस्तकात घालतो. मी एक पान जादा वाढलं.'

अक्षर माझंच. असं काही बोलल्याचं मला आठवत नाही. जादा पान मात्र मी तेव्हापासून दरवर्षी वाढते. कुणासाठी, ते कुणी विचारलं नाही आणि माझ्याही मनात आलं नाही. कावळा आधी त्याच पानावर येतो.

अण्णांनी पेनाला टोपण लावलं.

"काका, सही नाही केलीत तर सगळ्या मुलींच्या तारखा तिथंच राहतील," अनुपम म्हणाला.

"शब्द मी दिलाय, तू नाही. मला ठाऊक आहे," अण्णा म्हणाले. "पण मी रचला असं देवासमोर म्हणता येईल का रे आता?" कागद बाजूला सारला. मग माझ्याकडे वळले. "तू जाऊन त्या बाईंना एक विचारून ये. मग काय ते लिहितो."

उद्या सकाळच्या एसटीने कुंभिवली. पणजोबा कुणाकडे जेवायला निघाले होते, ते सुरभीबाईंना विचारायचं.